नुसतं पित्त

१

कंपनीची बस हिंजवडीला पोचली, सगळे भराभर उतरले आणि मागच्या खिडकीपाशी एकजण बसूनच राहिला. कानात वायरी, डोकं काचेला टेकलेलं. ड्रायव्हर धोंडिबाने हाक मारली. मग हॉर्न वाजवला. मग पुटपुटत मागे गेला आणि खांदा हलवला, तर माणूस सीटवर सरळ आडवाच झाला.

चेतन माने. वय चौतीस, सॉफ्टवेअरमधली नोकरी, घरी बायको पायल आणि बालवाडीतली मुलगी. शवविच्छेदनात हृदयाच्या मोठ्या रक्तवाहिनीत जुना, घट्ट ब्लॉक निघाला. आणि पाकिटात निघालं एक हिरवं कार्ड. त्यावर छापलं होतं, 'हृदयरेखा तपासणी. आपलं हृदय नॉर्मल आहे. अभिनंदन!' तपासणी होऊन महिनाही उलटला नव्हता.

ही बातमी मी पेपरात आतल्या पानावर वाचली, 'अरेरे' म्हटलं आणि शब्दकोड्याकडे वळले. हुस्नबानू जिना चढून आली नसती तर मी ती विसरूनही गेले असते.

मी हिरा गायकवाड. शनिवार पेठेत एका छापखान्याच्या वर माझं ऑफिस आहे. लग्नाआधीच्या चौकश्या करते. मुलगा पितो का, पगार सांगतो तेवढा आहे का, अमेरिकेत आधीच एखादा संसार मांडलाय का. आयटी आल्यापासून पुण्यात स्थळं वाढली आणि थापाही वाढल्या, त्यामुळे माझं बरं चाललंय. माझ्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून घरात एकच नियम लागू झाला. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासून घ्यायचं. त्या नियमापायी मला नातेवाईक फार कमी उरले.

हुस्नबानू तांबोळी भवानी पेठेत शिवणकाम करते. माझे ब्लाउज कायम तिच्याकडे. माप घेताना तोंडाचा पट्टा सुरू असणारी ही बाई त्या दिवशी खुर्चीच्या कडेवर बसली आणि पाण्याच्या भांड्याला तिने हात लावला नाही.

"हिराताई, अल्ताफला रोज चौकीवर बसवून ठेवतात. कंपन्यांत जाऊन हृदयाचा आलेख काढतात ना, ती हृदयरेखाची मशीन माझा अल्ताफच चालवतो. म्हणतात, त्याने रिपोर्ट बदलला. माझ्या पोरामुळे माणूस मेला म्हणतात!"

"बदलला का?"

दुसरी कुणी असती तर उठून गेली असती. हुस्नबानूने माझ्याकडे रोखून बघितलं. "तुम्हीच तपासा," ती म्हणाली. "पण लवकर. परवा त्याला अटक दाखवणार आहेत."

२

फौजदार दशरथ लोखंडे मला ओळखतात. त्यांच्या भाचीचं एक स्थळ मी मोडलंय, आणि ते उपकार ते अजून चहा पाजून फेडतात.

"बाई, यात रहस्य काही नाही," ते म्हणाले. "त्या दिवशी दोन चेतन आले होते. एक चेतन माने, एक चेतन मांडके. मान्यांना हिरवं कार्ड, मांडक्यांना लाल. लाल कार्ड मिळालं की अँजिओग्राफी. मांडीतून नळी घालून हृदयाच्या वाहिन्या बघतात, ती. मांडक्यांची केली, तर वाहिन्या स्वच्छ! आणि हिरव्या कार्डवाला बसमध्ये मेला. आता सांगा, कार्डांची अदलाबदल झाली की नाही?"

"यंत्र चुकू शकतं की."

"यंत्र शंभरातले शहाण्णव रुग्ण पकडतं. यंत्राच्या कंपनीने लिहून दिलंय. एका दिवशी, एकाच नावाच्या दोघांच्या बाबतीत ते उलटसुलट चुकेल? बाई, मी पोलीस असलो तरी एवढं गणित मला येतं."

तो शहाण्णवचा आकडाच अल्ताफविरुद्धचा साक्षीदार होता. त्याची उलटतपासणी घ्यायची तरी कशी?

अल्ताफ बाहेरच्या बाकावर होता. सडपातळ, शर्ट नीट खोचलेला, डोळे सुजलेले. मी शेजारी बसले.

"मॅडम, मी आधी पूर्ण नाव विचारतो. मग जन्मतारीख. मगच छातीला पट्ट्या लावतो. त्या दोन चेतनच्या मध्ये आठ-दहा माणसं होती. अदलाबदल होईलच कशी?"

"मान्यांशी काय बोलणं झालं? आठवतंय?"

"सगळ्यांशी होतं तेच. छातीत त्रास होतो का, विचारलं. म्हणाले, 'नाही रे बाबा, नुसतं पित्त आहे.' यंत्रात 'त्रास' विचारतात, तिथे 'नाही' दाबलं आणि शेऱ्यात 'पित्त' टाइप केलं."

पुण्यात पित्त कुणाला नाही? मला स्वतःला लग्नसराईत रोज असतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिथेच मी चुकले, पण त्या वेळी मला दोन चेतनच दिसत होते.

"मॅडम," अल्ताफ हळूच म्हणाला, "माझ्याकडूनच चूक झाली असेल का हो? रोज तेच विचारतात ना, आता मलाच तसं वाटायला लागलंय."

३

पायलने दार उघडलं आणि मी कुणाकडून आले ते ऐकून दार निम्मं लावलं.

"तुम्ही त्याच्या बाजूच्या. मग आत येऊन काय करणार?"

"बसणार. चहा नको."

माझ्या आगाऊपणाला बहुधा दमली असेल, तिने मला आत घेतलं. ओट्यावर कोकमाच्या सरबताची बाटली होती आणि गुलाबी औषधाची, निम्मी उरलेली. चेतनचे बूट दाराशी तसेच होते.

"मला कुणीतरी दोषी पाहिजे," पायल म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही. "मुलगी विचारते, बाबाला काय झालं होतं? मी काय सांगू, काहीच झालं नव्हतं? कार्डावर तर तसंच लिहिलंय."

"चेतनच्या हृदयाचा आलेख आधी कधी काढला होता का?"

तिने थोडा विचार केला. "सिंगापूरला पाठवताना काढला होता. चार वर्षं झाली." आतल्या खोलीतून तिने तो आणि कार्डाबरोबर आलेला हृदयरेखाचा, असे दोन्ही आणून दिले. "तुमच्या त्या अल्ताफने केलं नसेल, तर कुणी केलं तेवढं मला येऊन सांगाल?"

'सांगेन' म्हणून बसले. जीभ कधीकधी आपली नसतेच.

दोन्ही आलेख, सिंगापूरच्या वेळचा आणि हृदयरेखाचा, मी डॉक्टर सीताराम पेंडशांसमोर ठेवले. हृदयाचे जुने डॉक्टर, लक्ष्मी रोडला दवाखाना. त्यांच्या बोलण्यात औषधापेक्षा कडूपणा जास्त. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी दोन्ही कागद नाकाशी धरले.

"एकाच माणसाचे आहेत."

"खात्री?"

"तुम्ही ब्लाउज शिवून घेता ना? तुमच्या शिवणाऱ्या बाईला तुमचं माप पाठ असतं की नाही? ही खाच बघा, इथे, प्रत्येक ठोक्यात. जन्मतःच असते, लाखात एखाद्याला. दोन्हीकडे आहे." त्यांनी कागद टेबलावर टाकले. "कार्ड त्याचंच होतं. अदलाबदल झालेली नाही."

माझा जीव भांड्यात पडला. मी उठलेच होते.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "पुढचं ऐकायचं नसेल तर जा. या आलेखात काहीही दोष नाही. माझ्यासमोर आला असता, तर मीही नॉर्मलच म्हटलं असतं. एवढा मोठा ब्लॉक, आणि या रेषेवर त्याची सावलीसुद्धा नाही. मग हे यंत्र शहाण्णव पकडतं ते कुठले हो?"

४

हृदयरेखा बनवणारी कंपनी खराडीत. काचेची इमारत, आत थंडी अशी की स्वेटर आणला नाही म्हणून स्वतःलाच शिव्या घातल्या. कंपनीचा प्रमुख सौरभ दीक्षित, चाळिशीच्या आतला, हसरा. शेजारी पूर्वा भालेराव, आकडेवारी बघणारी मुलगी. ती हसत नव्हती.

पेंडशांचं मत ऐकून सौरभने खांदे उडवले. "मॅडम, विथ ऑल रिस्पेक्ट, ते एका डॉक्टरांचं ओपिनियन आहे. आमच्याकडे डेटा आहे. दहा हजार लोकांचा."

भिंतीवर मोठा फलक होता, मराठीतही. 'तपासून सिद्ध झालेल्या शंभर हृदयरुग्णांपैकी शहाण्णव हृदयरेखाने आधीच ओळखले.'

"'तपासून सिद्ध' म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे अँजिओग्राफी करून. अंदाजपंचे नाही."

"आणि अँजिओग्राफी कुणाकुणाची केली?"

"ज्यांना गरज होती त्यांची. ऑब्व्हियसली."

पूर्वाने मान खाली घातली. लग्नाच्या चौकशीत मुलाची बहीण अशी मान खाली घालते, तेव्हा मी समजते की पितो.

"अल्ताफ तांबोळीबद्दल तुम्हाला काय वाटतं?" मी तिलाच विचारलं.

"चांगलं काम करायचा," ती पुटपुटली. सौरभने घड्याळ बघितलं. भेट संपली.

खाली वाहनतळाशी रिक्षा शोधत होते, तेवढ्यात पूर्वा धावत आली. धाप लागलेली. "मॅडम, मी काही सांगू शकत नाही. सही केलीय, बाहेर काही बोलायचं नाही म्हणून. नोकरी जाईल."

"मग आलीस कशाला?"

तिने मागे वळून काचेच्या इमारतीकडे बघितलं. "तुम्ही पित्तवाल्यांना भेटा," ती म्हणाली, आणि आली तशी पळाली.

५

पित्तवाले शोधायला हिंजवडीला गेले. ज्या बसमध्ये चेतन गेला, तीच बस, तोच ड्रायव्हर. कंपनीच्या फाटकाबाहेर टपरीशी धोंडिबा सोड्याची बाटली फोडत उभा होता. माण गावचा, पन्नाशीचा, अंगाने दणकट.

"म्या म्हनलं, झोपलंय पोरगं," तो म्हणाला. "रातपाळ्या करत्यात, झोपत्यात बिचारी. हात लावला आन् काळजात चर्र झालं बगा."

"सोडा कशाला घेता, धोंडिबा?"

"पित्त हाय ओ. गियर टाकून टाकून हितं दुकतंय." त्याने छातीवरून हात डाव्या खांद्यापर्यंत नेला. "सोडा घेतला की ढेकर येतो, बरं वाटतं."

"धोंडिबा, तुमची तपासणी झालीय का?"

"दोनदा! त्या पोराचं झाल्यावं समद्या ड्रायवरांची परत केली. अल्ताफ न्हवता, नवी बाई हुती. ही बगा." समोरच्या काचेवर खंडोबाच्या फोटोला टेकवून ठेवलेलं हिरवं कार्ड त्याने काढून दाखवलं. त्याच्यावर हळदीचं बोट लागलेलं होतं. "नारमल! येकदा न्हाई, दोनदा!"

घरी आले. डोकं चालत नव्हतं, म्हणून तांदूळ निवडायला घेतले. डोकं चालेनासं झालं की मी हेच करते. खडे काढून वाटीत टाकत होते. वाटीकडे बघून मनात आलं, आज किती चांगले निवडले, वाटीत सगळे खडेच तर आहेत, एकही तांदूळ नाही.

आणि हात थांबला.

वाटीतले खडे मोजून मी किती चांगली निवडते हे कसं कळणार? मी कुठले खडे सोडले ते वाटीत नाहीत. ते ताटात आहेत. आणि ताटातला खडा दाताखाली आल्याशिवाय कळतच नाही.

लाल कार्डवाले वाटीत होते. त्यांच्या अँजिओग्राफ्या झाल्या, ब्लॉक सापडले, 'तपासून सिद्ध' झाले. हिरव्या कार्डवाले घरी गेले. त्यांना तपासलं कुणी? चेतनला तपासलं शवविच्छेदन करणाऱ्याने.

अय्या, असं म्हणून मी एकटीच स्वयंपाकघरात ओरडले. मग पूर्वाला फोन लावला. "मी सांगते, तू फक्त हो की नाही म्हण," मी म्हटलं. "हिरव्यांपैकी फार थोड्यांचीच अँजिओग्राफी झाली."

पलीकडे ती रडायलाच लागली. "मी येते, मॅडम. सही गेली चुलीत."

६

अटकेच्या दिवशी सकाळी लोखंड्यांच्या खोलीत आम्ही सगळे होतो. फौजदार, सौरभ, पायल, अल्ताफ, दाराशी हुस्नबानू. आणि पूर्वा, माझ्या शेजारी. तिला बघून सौरभचं हसू मावळलं.

"साहेब," मी लोखंड्यांना म्हटलं, "आधी दोन चेतनचा योगायोग मोडू. पाचशे लाल कार्डं निघाली. त्यांत खरे रुग्ण किती, पूर्वा?"

"दोनशे चाळीस."

"म्हणजे निम्म्याहून जास्त लाल कार्डवाले ठणठणीत! मांडके त्यातलेच. त्यात नवल काहीच नाही. आता मान्यांचं. हिरवं कार्ड मिळालेल्या साडेनऊ हजारांना घरी पाठवलं. त्यातल्या फक्त पन्नास जणांची अँजिओग्राफी झाली. घरच्या डॉक्टरांनी आग्रह धरला म्हणून. त्यांत दहा रुग्ण निघाले. दोनशे चाळीस अधिक दहा, अडीचशे 'तपासून सिद्ध'. त्यांतले दोनशे चाळीस यंत्राने पकडलेले. झाले शंभरात शहाण्णव. हिशेब चोख आहे. फक्त न तपासलेल्यांना त्यात धरलेलंच नाही. तांदूळ निवडताना वाटीतले खडे मोजले, ताटात राहिलेले मोजलेच नाहीत."

"एवढे दहाच सुटले ना?" लोखंडे म्हणाले.

"पन्नासात दहा, साहेब! पाचात एक! आणि हे पन्नास कोण? पूर्वाने शेऱ्यांमध्ये एक शब्द शोधला. पित्त. आपल्याकडे छातीत दुखतं असं कोण सांगतं? छातीत दुखतं म्हटलं की घरात रडारड. म्हणून आपण पित्त म्हणतो. यंत्राने त्याला 'त्रास नाही' असं धरलं. हे पन्नासही पित्तवाले होते. आणि हिरव्यांमध्ये असे पित्तवाले एकूण हजार आहेत. हजारांत पाचातला एक धरा. दोनशे. पकडलेले दोनशे चाळीस, सुटलेले दोनशे. तुमचं यंत्र शंभरातले पंचावन्न पकडतं, सौरभराव. आणि ज्यांनी पित्तसुद्धा सांगितलं नाही, त्यांच्यात किती सुटले ते देवालाच ठाऊक."

पायल माझ्याकडे बघत होती.

सौरभ सावरला. माणूस हुशार, यात शंका नाही. "मॅडम, ते पन्नास सगळ्यांत जास्त त्रास असलेले असणार. म्हणून तर डॉक्टरांनी पाठवलं. त्यांचा रेशो हजारांना लावणं चूक आहे."

खरं होतं. मी खोटं बोलू शकत नव्हते. "असेल. दोनशे नसतील, शंभर असतील. तरी शहाण्णव येत नाहीत. तपासून बघा. पित्तवाल्यांतले शंभर चिठ्ठ्या टाकून निवडा, करा त्यांची अँजिओग्राफी."

"नॉर्मल माणसाला नळी घालायची? कुठला डॉक्टर करेल? कोण तयार होईल? इट्स अनएथिकल."

तेही खरंच होतं.

लोखंड्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. "बाई, मला पटलंय. अटक आज दाखवत नाही. पण सोडूही शकत नाही. त्यांच्याकडे दहा हजारांचा छापील अहवाल आहे, माझ्याकडे पेंडशांची चिठ्ठी आणि तुमचे तांदूळ. वर काय कळवू? अजून कुणी हिरव्या कार्डवाला असाच गेला, आणि ते कार्ड अल्ताफच्या हातचं नसलं, तरच..." ते मध्येच थांबले. आपण काय बोलून बसलो ते त्यांचं त्यांनाच कळलं.

"मग दोषी कोण?" पायलने मला विचारलं. "सांगते म्हणाला होतात."

"कुणी काही बदललं नाही, पायल. कार्ड त्याचंच होतं. कुणी खोटं लिहिलं नाही."

"म्हणजे कुणीच नाही?" तिचा चेहरा असा झाला की बघवेना. "यापेक्षा हा पोरगा चोर निघाला असता तर बरं झालं असतं हो."

अल्ताफने मान खाली घातली आणि म्हणाला, "माफ करा, ताई." कशाबद्दल, ते कुणीच विचारलं नाही.

७

चौकीवरून निघाले ती थेट टपरीवर, धोंडिबाकडे. पेंडशांना सगळं सांगून ठेवलं होतं. 'आणा त्याला, बघतो,' असं म्हणाले होते. त्यांच्या भाषेत हा जिव्हाळा समजायचा.

"धोंडिबा, उद्या माझ्याबरोबर चला."

"कशापायी?"

"हृदय दाखवायला."

तो खदाखदा हसला. "नारमल मानसाला दवाखान्यात घालता व्हय? बाई, रजा कोन दील? सायबाला काय सांगू, सायेब, नारमल हाय, म्हनून दवाखान्यात चाललोय?"

मी त्याच्या कंपनीतल्या साहेबाकडेही गेले. त्याने फाइल उघडून दोन्ही हिरव्या कार्डांच्या प्रती दाखवल्या आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही डॉक्टर आहात का?" मी परत टपरीवर आले. पाया पडायचीच बाकी ठेवली होती. भांडले, ओरडले, रडलेसुद्धा. टपरीवरचे लोक बघायला लागले तशी धोंडिबालाच माझी दया आली.

"बरं, बरं. डोळं पुसा आदी. गावची जत्रा हाय म्होरल्या आटवड्यात. पालखीचा मान आमच्याकडं असतो. ती झाली की येतो. खंडोबाची आन."

आणखी काय करणार होते मी? उचलून तर नेता येत नव्हतं.

जत्रेच्या आठवड्यात मी कुठे बाहेर पडले नाही. एका मुलाची चौकशी होती, तीही ढकलत होते. मग एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि हुस्नबानू आत आली. मागे अल्ताफ. हातात बर्फीचा खोका. दोघंही एकदम बोलायला लागले.

"सुटला, हिराताई! माझा पोरगा सुटला! कामावरसुद्धा परत बोलावलंय!"

तिने मला मिठी मारली. मीही मारली. काय आनंद झाला म्हणून सांगू, अगदी माझाच मुलगा सुटल्यासारखा. बर्फीचा तुकडा तिने माझ्या हातात कोंबला. मग मला भान आलं.

"कसा सुटला?"

"फौजदारसाहेबांचा फोन आला," अल्ताफ म्हणाला. तो अजून हसत होता. "म्हणाले, दुसऱ्या एकाचं कार्डही तसंच निघालं. हिरवं. आणि ते दिलं तेव्हा तू चौकीवर माझ्यासमोर बसलेला होतास. म्हणून तुझ्यावर काही येत नाही."

"कुणाचं कार्ड?"

"नाव नाही सांगितलं. बसचा ड्रायव्हर होता म्हणे. जत्रेत पालखी खाली ठेवली, सोडा मागितला आणि..." माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं. "ओळखीचे होते का, मॅडम?"

मी पूर्वाला फोन लावला. तिची नोकरी गेलेली, पण आत मैत्रिणी होत्या. एवढंच विचारलं, की आता तरी फलक बदलला का.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "आकडा तोच आहे. त्यांची अँजिओग्राफी झाली नव्हती ना. त्यामुळे ते 'तपासून सिद्ध' मध्ये धरत नाहीत. चेतनलाही धरलेलं नाही."

फोन ठेवला. हुस्नबानूला काहीच कळलं नव्हतं. तिचा मुलगा घरी आला होता, तिने काय म्हणून काही कळून घ्यावं?

"घ्या ना, हिराताई," ती म्हणाली. "तोंड गोड करा."

मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. सौरभचा, त्या साहेबाचा, खंडोबाचा, माझ्या तांदळांचा, आणि सगळ्यांत जास्त धोंडिबाचा. आठवडाभर आधी आला असता तर काय बिघडलं असतं त्याचं? अल्ताफ माझ्याकडे बघत उभा होता. त्याला समजत चाललं होतं.

मी बर्फी तोंडात टाकली आणि छान झालीय म्हणून सांगितलं.